हार्लेखचा किल्ला, आतून

मंगळवारी सकाळी उकडलेल्या अंड्याचं टोक चमच्यानं फोडता फोडता इडवल पियू म्हणाले, “आयर्लिस, एकदा आपला किल्ला बघून येऊ या,” आणि टोस्टची बशी घेऊन येणारी त्यांची मुलगी स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. तिला आधी वाटलं, बाबा कार्डिफच्या किल्ल्याबद्दल बोलताहेत. तो तर रोजचाच. घरापासून बसनं निघालं की थोड्याच वेळात खिडकीत येणारा, आणि ज्याच्या घड्याळाकडे बघून आपल्याला उशीर झाला की नाही हे ठरवायचं, एवढाच तिचा त्याच्याशी संबंध. “कुठला किल्ला?” तिनं विचारलं. “कुठला म्हणजे? गावचा. हार्लेखचा,” ते म्हणाले, आणि ती बघत नाही असं समजून त्यांनी अंड्यावर मीठ भुरभुरवलं. मीठ तिनं पाहिलं, पण बोलली नाही. तिच्या कानात तो एकच शब्द अडकून राहिला होता. आपला. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्या किल्ल्याला घरात कुणी आपला म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. तो नेहमी त्यांचा असायचा. ‘त्यांच्या बुरुजावर धुकं उतरलंय, छत्री घे.’ ‘त्यांच्या भिंतीवर कावळे ओरडताहेत.’ सातशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या राजानं वेल्श माणसांना धाकात ठेवायला बांधलेला तो किल्ला. गावी त्याच्या पायथ्याशी राहावं लागतं हा नाइलाज, पण त्याच्या दारातून आत पाऊल टाकायचं नाही, असा पियूंच्या घराचा कायदा.

तिच्या मनात पहिली शंका आली ती वाईटच. ब्याण्णव वर्षांचा माणूस एकाएकी बदलला की मुलीच्या मनात दुसरं काय येणार? टोस्टला लोणी लावताना तिनं सहज विचारल्यासारखं केलं, “बाबा, आज वार कुठला?” “मंगळवार. कचऱ्याची गाडी येऊन गेली, तू बाटल्या बाहेर ठेवायला विसरलीस.” “आणि पंतप्रधान कोण आहेत?” इडवलनी चमचा खाली ठेवला. “मला वेड लागलंय का हे बघायचं असेल तर नीट अवघड प्रश्न विचार. हार्लेखमधल्या घरांची नावं विचार. वरच्या आळीपासून खालच्यापर्यंत, कुत्र्यांच्या नावांसकट सांगतो.” त्यांनी खरंच सुरुवात केली. छत्तीस वर्षं त्या गावात टपाल वाटलेला माणूस. तो चौदाव्या घरापर्यंत पोचला तेव्हा तिची बस चुकायची वेळ झाली होती आणि तिला हसू येत होतं.

बसमध्ये मात्र हसू टिकलं नाही. आयर्लिसचं काम मोठं मजेशीर होतं, आणि त्यातली मजा इतकी वर्षं तिच्या लक्षातच आली नव्हती. शहरातल्या शाळांच्या सहली आखून देणाऱ्या एका कचेरीत ती बसायची. आता आठवड्यातून तीनच दिवस. किती मुलांमागे किती मोठी माणसं, डबे कुठं खायचे, बस कुठं उभी राहील, कुणाला गाडी लागते, आणि सगळ्यात महत्त्वाचा तो धोक्यांचा तक्ता: पायऱ्या ओल्या असतील तर काय, कठडा ठेंगणा असेल तर काय, एखादं मूल हरवलं तर काय. कॉनवी, कारनार्व्हन, बोमारिस... त्या राजाचे सगळे किल्ले तिला कागदावर पाठ होते. कुठल्या बुरुजाला किती पायऱ्या आणि कुठल्या दरवाज्याशी मुतारी, हे ती झोपेतही सांगू शकली असती. तिथं जाऊन आलेल्या मुलांची धन्यवादाची पत्रं तिच्या टेबलामागे टाचलेली असत. रंगीत खडूंनी काढलेले किल्ले, प्रत्येकावर मुलाहून मोठा झेंडा. आणि ती स्वतः एकाही किल्ल्यात गेलेली नव्हती. कुणी विचारलं तर ती ‘पाहिलाय की’ असं म्हणायची, आणि बाहेरून पाहिलेला असल्यामुळे ते खोटंही नसायचं. पुलावर बस जरा रेंगाळली. खाली टाफ नदी आदल्या दिवशीच्या पावसानं गढूळ होऊन वाहत होती. आयर्लिसला एकाएकी कोमट दुधाचा वास आला.

तो वास हार्लेखच्या शाळेतला. इंग्लंडच्या राणीच्या मुलाला वेल्सचा युवराज करण्याच्या सोहळ्याचं ते वर्ष, एकोणीसशे एकोणसत्तर. गावोगावी पताका लागत होत्या आणि पताकांवरून घराघरांत भांडणं होत होती. चॅपलच्या, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराच्या, मागच्या खोलीतल्या सभेत इडवल पियू उभे राहिले, टपालखात्याचा कोट तसाच अंगात, टोपीवर राजमुकुटाचा बिल्ला, आणि म्हणाले की माझ्या घरातलं कुणी माणूस त्या राजाच्या किल्ल्यात पाय ठेवणार नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं होतं, “इडवल, आधी टोपीवरचा मुकुट उपट की!” आणि सगळी खोली हसली होती; पण शब्द दिला तो दिला. पुढच्याच आठवड्यात शाळेची सहल निघाली, ती किल्ल्यावर. सहल कसली, रस्ता ओलांडून चालत जायचं. नऊ वर्षांची आयर्लिस बाईंना म्हणाली, “मी नाही येणार, आमच्याकडे चालत नाही,” आणि बाईंनी तिला वर्गातल्या कुंड्यांना पाणी घालायला मागे ठेवलं. रिकाम्या वर्गात एवढी शांतता होती की घड्याळाच्या पोटात काहीतरी खरवडल्यासारखा आवाज यायचा. दुधाच्या छोट्या बाटल्या उन्हात ठेवलेल्या होत्या. तिनं आपली प्यायली, मग दोन गैरहजर मुलींच्या प्यायली. तेवढ्यात वरून, आभाळातून आल्यासारख्या, हाका आल्या. आयर्लिस! ए आयर्लिस! अख्खा वर्ग तटावर ओळीनं उभा राहून हात हलवत होता. ती खिडकीतून मागे सरली. तिला वाईट वाटलं नव्हतं, हे तिला आज बसमध्येही स्वच्छ आठवत होतं. तिला अभिमान वाटला होता. छातीत काहीतरी ताठ, गरम, इस्त्री केल्यासारखं वाटलं होतं. घरी गेल्यावर बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताच्या वजनावर तिनं पुढची कितीतरी वर्षं काढली होती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती नदीकाठच्या बागेत बाकावर बसली आणि तिनं धाकट्या भावाला फोन लावला. ग्विलिम वर उत्तरेत, बँगरला राहायचा. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेला, आणि सगळं आयुष्य म्हणजे मधली सुट्टी अशा आवाजात बोलणारा. तिनं त्याला बाबांचं सांगितलं. किल्ल्यावर जायचं म्हणतात. आपला म्हणाले.

“मग घेऊन जा की,” ग्विलिम म्हणाला. “मी येतो बँगरहून गाडी घेऊन. आता तिथं नवा पूल केलाय, चाकाची खुर्चीसुद्धा आत जाते. आमच्या वेळी त्या लाकडी पायऱ्यांवर गुडघे फोडून घेतले आम्ही.”

“आमच्या वेळी म्हणजे? तू कधी गेलास?”

पलीकडे तो हसला. “आयर्लिस, अगं, मी पहिली सिगरेट तिथं ओढली. पहिली मुलगीही तिथंच... जाऊ दे ते. दर शनिवारी असायचो मी आत. तिकीटवाला गावचाच होता, मान वळवून बसायचा.”

“बाबांनी बंदी घातली होती!”

“हो, घातली होती ना. म्हणून तर मजा यायची. बाहेर ये म्हणून हाका मारायला कुणी आत यायचं नाही. फक्त एकदा पकडला गेलो, आईच्या हातात.”

“आई किल्ल्यापर्यंत आली तुला शोधत?”

“शोधत कशाला? ती आतच होती. तुला खरंच माहीत नाही? दर गुरुवारी दुपारी जायची ती, चॅपलच्या शिवणाला जाते सांगून. समुद्राकडच्या भिंतीला पाठ टेकून गवतात बसायची, बूट-मोजे काढून. मला बघितलं तशी सिगरेट हातातून काढून घेतली, दगडावर विझवली नि म्हणाली, तू मला पाहिलं नाहीस, मी तुला पाहिलं नाही. मग मला अर्धं सँडविच दिलं. काकडीचं.”

आयर्लिसनं फोन ठेवला तेव्हा तिच्या मांडीवरचं सँडविच तसंच होतं. बदकं जवळ येऊन ताटकळत होती. तिला धक्का बसला तो आईच्या पावलांचा. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तिचे हात, तिचा एप्रन, पिठाचा आणि कार्बोलिक साबणाचा तिचा वास, सगळं आयर्लिसला हवं तेव्हा समोर आणता यायचं. पण आईची उघडी पावलं तिनं कधी पाहिल्याचं आठवेना. संध्याकाळी बुरुजाची सावली परसात उतरायची आणि कपड्यांच्या दोरीला टेकली की आई म्हणायची, ‘आला बघ तो, कपडे काढा,’ अशा सुरात, की जणू कुणी न बोलावलेला पाहुणा आलाय. आणि त्याच बाईनं दुपारी त्याच पाहुण्याच्या अंगणात मोजे काढून ठेवले होते! आयर्लिसला हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. आणि राग असा की तो कुणावर आहे हेच कळेना. सगळे जात होते. घरात बंदी होती ती तिच्या एकटीसाठी. एका रिकाम्या खोलीवर तिनं पंचावन्न वर्षं पहारा दिला होता, आणि ज्यांच्यासाठी दिला ते सगळे मागच्या दारानं ये-जा करत होते.

त्या दिवशी ती बसनं न जाता चालत घरी निघाली, आणि तिला कीथ आठवला. कीथ ब्रिस्टलचा, म्हणजे इंग्रज. शहाऐंशी साली कार्डिफच्या रात्रशाळेत ती वेल्श शिकवायची आणि तो पहिल्या बाकावर बसून सगळे उच्चार मनापासून चुकवायचा. गळ्यातून काढायचा तो ‘ख’ त्याला जमायचा नाही. हार्लेखला तो ‘हार्लेक’ म्हणायचा आणि स्वतःच कानाची पाळी धरायचा. दोन हिवाळे ते बरोबर फिरले. मग एका रविवारी, तळ्याकाठी, त्यानं लग्नाचं विचारलं, आणि ती म्हणाली, “घरी चालणार नाही.” तो म्हणाला, “विचारलंस तरी का?” तिनं विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? तिला घराचा कायदा माहीत होता. कीथचं पुढे बरं झालं; नाताळात त्याचं कार्ड यायचं, त्यावर तीन मुलं, मग दोन नातवंडं. आपलं वाईट झालं असंही तिला वाटत नव्हतं. तिला आपलं घर आवडायचं, आपलं काम आवडायचं, रविवारी सकाळी एकटीनं वर्तमानपत्र पसरून बसायला आवडायचं. पण आज फुटपाथवरून चालताना तिला पहिल्यांदाच वाटलं, की तेव्हा आपण बाबांचा कायदा पाळला की बाबांना न विचारताच तो आणखी लांब ताणला?

मंगळवार, बुधवार ती घरात गप्प होती. इडवलना हे कळत होतं. टपालवाल्याला बंद लिफाफ्याचा अंदाज बरोबर येतो. गुरुवारी चारच्या चहाला त्यांनी स्वतः उठून मनुक्यांचा ब्रेड कापला, जाडे वेडेवाकडे तुकडे, आणि तिच्यासमोर ठेवून म्हणाले, “ग्विलिमशी बोललीस वाटतं.”

“तुम्हाला माहीत होतं?” ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्याहून मोठा आला. “आई आत जायची ते?”

“टपाल वाटायचो मी. किल्ल्याच्या तिकीटखिडकीतही पत्र द्यायला लागायचं. एका गुरुवारी खिडकीतला म्हणाला, तुझी बायको आत आहे. मला असा राग आला! पिशवी तिथंच ठेवली आणि गेलो आत, चार शब्द सुनावायला.”

“म्हणजे तुम्हीसुद्धा?”

“ऐक तर. ती गात होती, आयर्लिस. चॅपलमध्ये गायची ती शंभर माणसांत. घरात तर तोंड उघडायला सवडच नव्हती तिला. इथं एकटीच, हळू आवाजात, मधले शब्द विसरत, परत पहिल्यापासून. मी भिंतीआड उभा राहिलो. सुनावायचं राहूनच गेलं. मग दर गुरुवारी त्या बाजूची पत्रं मी शेवटी ठेवायला लागलो.”

आयर्लिसनं ब्रेडचा तुकडा उचलला आणि परत ठेवला. “तिला कळलं कधी?”

“कळलं असेल. बोलली नाही. मीही नाही.”

“मग बंदी उठवायची होती ना! सरळ सांगायचं, जा सगळे.”

“आणि मग काय झालं असतं?” इडवल एकदम पुढं झुकले, त्यांचे निळे, पाणावलेले डोळे भांडायला निघाल्यासारखे दिसत होते. “रविवारी तुम्ही सगळे डबे घेऊन तिच्याबरोबर गेला असतात. ग्विलिम तटावरून पडला असता, तू खरचटलेल्या गुडघ्याला पट्टी मागितली असतीस, मी राजाला शिव्या देत बसलो असतो. गावात तेवढी एक जागा होती जिथं तिला शोधत कुणी येणार नाही. बंदी होती म्हणून होती ती. मी ती कशी मोडू?”

समोरच्या घराच्या कौलांवर ऊन होतं आणि एक समुद्रपक्षी धुराड्यावर उभा राहून निष्कारण ओरडत होता. तिच्या आतला राग कुठं ठेवावा हे तिला कळेना. ज्या माणसावर तो ठेवायला ती आली होती तो भिंतीआड टोपी हातात घेऊन उभा होता.

“पण मी?” ती शेवटी म्हणाली.

“तू.” त्यांनी मान हलवली. “मला वाटायचं, तूही जात असशील चोरून. सगळी पोरं जातात. गेल्या रविवारी ग्विलिम फोनवर सहज बोलून गेला, आयर्लिसनं तो आतून पाहिलेलाच नाही. तेव्हापासून मला झोप नाही. आपलं सांगणं कुणी इतकं ऐकत असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं, पोरी. वाटलं असतं तर जरा जपून बोललो असतो.”

तिनं चहा प्यायला. तो गार झाला होता. मग तिनं, स्वतःच्याही मनात नसताना, विचारलं, “बाबा, मी एखाद्या इंग्रजाशी लग्न करते म्हटलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?”

इडवलनी तिच्याकडे रोखून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक पुष्कळ काही सरकलं, आणि तिला दिसलं की त्यांना कळलंय. पत्त्यातलं नाव नाही, पण घर कळलंय. “चहा दिला असता त्याला,” ते हळूच म्हणाले. मग थोड्या वेळानं, “क्रिकेट खेळायचा का?”

“खेळायचा. रविवारी.”

“रविवारी? चॅपलच्या वेळी? मग मात्र विचार करावा लागला असता.”

आधी तिला हसू फुटलं, मग त्यांना. आणि ब्याण्णव वर्षांचं हसू खोकल्यात शिरल्यावर तिला उठून पाठीवर थोपटावं लागलं. थोपटता थोपटता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं तसंच राहू दिलं. पाठ हाताला लहान लागत होती, कोटाच्या आत कोट टांगल्यासारखी. ‘विचार करावा लागला असता.’ म्हणजे केला असता. एवढ्यानं कीथ काही परत येणार नव्हता, आणि तिला तो हवाही नव्हता. पण ते तळं, तो रविवार आणि घरी चालणार नाही म्हणणारी सव्वीस वर्षांची मुलगी, या सगळ्यांवरची काच कुणीतरी पुसल्यासारखी झाली.

त्या संध्याकाळपासून घरात आखणी सुरू झाली, आणि आखणी म्हटलं की आयर्लिसच्या अंगात वेगळंच वारं शिरायचं. तिनं कचेरीतला धोक्यांचा कोरा तक्ता घरी आणला. पहिल्या रकान्यात लिहिलं: इडवल पियू, वय ९२. दुसऱ्यात, धोका: ऐकत नाहीत. तिसऱ्यात, उपाय: नाही. इडवलनी चष्मा लावून तो वाचला आणि खाली स्वतःच्या टपाली अक्षरात भर घातली: आयर्लिस पियू, वय ६४. धोका: फार ऐकते. उपाय सुरू आहे. गाडी कार्डिफहून सकाळची, श्रूजबरीला बदलायची, मग समुद्रकाठानं खाडीवरच्या त्या लांब पुलावरून हळूहळू. इडवलना मोटार नको होती, त्यांना खिडकी हवी होती. “स्टेशनवर उतरलं की मान वर केली की झालं,” ते म्हणाले, “तो काय लपतोय थोडाच.” ग्विलिम बँगरहून येणार होता चाकाची खुर्ची घेऊन. खुर्चीवरून फोनवर दोन दिवस भांडण चाललं. “मी राजाच्या दारातून बसून जाणार नाही,” इडवल म्हणायचे. “मग आम्ही तुम्हाला उचलून नेऊ, लग्नातल्या नवरीसारखं,” ग्विलिम म्हणायचा. “आणि आपल्या बंडखोर ओवेन ग्लिन्डूरनं चारपाच वर्षं संसार केलाय तिथं, बाबा, राजाकडून हिसकावून घेऊन! मग तो आपला नाही कसा?” “मी कुठं म्हणतोय नाही म्हणून?” इडवल गरजायचे. “मीच आधी म्हणालो आपला, विचार तुझ्या बहिणीला!” शेवटी तडजोड झाली: खुर्ची पुलापर्यंत, तिथून काठी आणि मुलाचा खांदा.

शनिवारी सकाळी आयर्लिसनं सगळं एका कागदावर स्वच्छ उतरवून काढलं. दिवस पुढच्या गुरुवारचा ठरला. तो कुणी मुद्दाम सुचवला नाही, पण दुसरा कुठला कुणाला सुचलाही नाही. इडवल मार्मालेडची बाटली उघडायचा प्रयत्न करत कागदावरून बोट फिरवत होते. “साडेतीनला पूल,” त्यांनी वाचलं. “साडेतीन ते चार... हे काय लिहिलंयस? ‘इडवल आणि ग्विलिम, बाहेर, चहा.’ आणि तू?”

“मी आत.”

“आणि आम्ही बाहेर का म्हणून?”

“तुम्ही पाहिलाय. ग्विलिमनं पाहिलाय. पहिला अर्धा तास मी एकटी जाणार. तोवर कुणी आत यायचं नाही.” तिनं बाटली त्यांच्या हातातून घेतली, झाकण फिरवलं आणि परत दिली. आपण बंदी घालतोय, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. छान वाटलं.

“ग्विलिम ऐकणार नाही.”

“मग तुम्ही त्याला धरून ठेवा.”

इडवल विचारात पडले. आयुष्यभर दुसऱ्यांची दारं ठोठावलेल्या माणसाला दाराबाहेर थांबायला सांगितल्यावर तो जसा पडेल तसे. मग त्यांनी मान डोलावली, शहाण्या मुलासारखी. “बरं. अर्धा तास. त्यावर मिनिट नाही.” त्यांनी मार्मालेडमध्ये सुरी बुडवली, टोस्टच्या कडेपर्यंत ते नीट पसरवलं, आणि तरी राहवेना म्हणून विचारलं, “पण आत एकटी जाऊन करणार काय तू?”

आयर्लिसनं कागदाची घडी घातली आणि ती पर्समध्ये ठेवली.

“ते,” ती म्हणाली, “मी घरी कुणाला सांगणार नाही.”